‘ब्लू एंजल’ची श्रेयनामावली : मार्लेने डीट्रिश आणि तिचा जर्मनी

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ साली पडद्यावर आला, तेव्हा तमाशातल्या नाचीच्या नादाने रसातळाला गेलेल्या गुरुजींची ती कथा महाराष्ट्राने आपल्याच मातीतली म्हणून स्वीकारली. जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचे संगीत आणि श्रीराम लागूंचा मास्तर यांमुळे ती परकी वाटण्याचे काही कारणही नव्हते. परंतु त्या कथेचे बीज जर्मन आहे. हाइनरिश मान यांची ‘प्रोफेसर उनराट’ ही १९०५ सालची कादंबरी आणि तिच्यावरून १९३० साली निघालेला ‘द ब्लू एंजल’ हा बोलपट, असा त्या बीजाचा प्रवास आहे.

बीज तेच असले तरी झाड निराळे उगवले. ‘पिंजरा’तले गुरुजी अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशी जाणे पत्करतात, कारण गावाच्या मनातला आदर्श शाबूत राहिला पाहिजे. चंद्रकलेचे मनही शेवटी पालटते. मराठी पटकथेला दोघांचेही उद्धरण हवे होते. जर्मन चित्रपटात तसे काही घडत नाही. विटंबित झालेला प्राध्यापक राट रात्रीच्या अंधारात आपल्या जुन्या शाळेत शिरतो आणि वर्गातल्या मेजाला घट्ट धरून तिथेच प्राण सोडतो. त्याच वेळी गावातल्या कॅबरेच्या मंचावर लोला लोला खुर्चीवर उलटी बसून आपले गाणे गात असते. तिला पश्चात्ताप नाही आणि क्रूर आनंदही नाही. आपण जशा आहोत तशा आहोत, जळायला येणाऱ्या पतंगांची जबाबदारी दिव्यावर नाही, इतकाच तिचा भाव आहे.

लोला लोलाची ही भूमिका करणारी मार्लेने डीट्रिश त्या वेळी अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्या आयुष्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक तिचे पाय, तिच्या भुवया, तिचे पुरुषी कोट आणि तिचे प्रियकर यांतच रमतात. आम्हांला त्या साऱ्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘द ब्लू एंजल’ची श्रेयनामावली समोर ठेवावी आणि तीत ज्यांची नावे आहेत, त्यांचे पुढच्या पंधरा वर्षांत काय झाले ते पाहावे. विसाव्या शतकातल्या जर्मनीचा इतिहास त्या एका नामावलीत सापडतो, आणि डीट्रिशने जे केले त्याचे खरे मोलही तिच्याच पार्श्वभूमीवर कळते.

मारी माग्दालेने डीट्रिशचा जन्म २७ डिसेंबर १९०१ रोजी शोनेबर्ग येथे झाला. हे गाव तेव्हा बर्लिनला लागून असले तरी स्वतंत्र होते. वडील पोलीस अधिकारी, तर आई बर्लिनमधल्या घड्याळजींच्या सधन घराण्यातली. वडील लवकर वारले; आईचा दुसरा पती पहिल्या महायुद्धात कामी आला. शिस्त, कर्तव्य आणि भावनांचे प्रदर्शन न करणे हे प्रशियन संस्कार तिला आईकडून मिळाले. आपल्या दोन नावांचा संधी करून तिने लहानपणीच ‘मार्लेने’ हे नाव घडविले. व्हायोलिनवादक होण्याची तिची महत्त्वाकांक्षा मनगटाच्या दुखण्यामुळे मागे पडली आणि ती रंगभूमीकडे वळली. १९२३ मध्ये रूडोल्फ झीबरशी तिचे लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगी झाली. विसाव्या दशकात तिने डझनभराहून अधिक मूकपटांत कामे केली, पण कोणाच्या लक्षात राहावे असे त्यांत थोडेच होते. जे होते ते बर्लिनच्या ‘रेव्ह्यू’मध्ये, म्हणजे गाणी, नाच आणि उपहासात्मक प्रवेशांच्या त्या काळच्या लोकप्रिय रंगमंचीय प्रकारात होते. १९२९ मध्ये गेओर्ग कायझर या नामवंत अभिव्यक्तिवादी नाटककाराने लिहिलेल्या अशाच एका रेव्ह्यूमध्ये योझेफ फॉन स्टर्नबर्ग या दिग्दर्शकाने तिला पाहिले.

स्टर्नबर्ग जन्माने व्हिएन्नाचा ज्यू, वाढलेला अमेरिकेत. त्याच्या नावातले उमरावी ‘फॉन’सुद्धा हॉलिवूडमध्ये चिकटलेले. ‘उफा’ या बलाढ्य जर्मन चित्रसंस्थेने त्याला बोलावले होते ते एमिल यानिंग्ससाठी. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पहिलेवहिले ऑस्कर मिळवून यानिंग्स मायदेशी परतला होता आणि त्याचा पहिला बोलपट हा राष्ट्रीय महत्त्वाचा प्रसंग मानला जात होता. चित्रपट यानिंग्सचा होता, नाव यानिंग्सचे होते. लोला लोलासाठी मात्र स्टर्नबर्गने संस्थेच्या अधिकाऱ्यांचा विरोध पत्करून डीट्रिशची निवड केली.

बाबेल्सबर्गच्या चित्रशाळेत हा बोलपट जर्मन आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एकाच वेळी घेतला गेला. ध्वनिमुद्रण बाल्यावस्थेत होते, तरी ह्या चित्रपटातला आवाज आजही चकित करतो. नेपथ्यामागचे दार उघडले की मंचावरचे गाणे आत घुसते आणि बंद झाले की तुटते. फ्रीडरिश हॉलेंडर याने तिच्यासाठी गाणी रचली ती तिच्या आवाजाच्या मर्यादा ओळखूनच. हा आवाज खर्जाकडे झुकलेला, थोडा घोगरा, आवाक्याने तोकडा आहे. तिच्या गाण्यात तान नाही, मुरकी नाही. आहे ती शब्दफेक. ती अर्धे गाते आणि अर्धे बोलते. शब्दावर नेमका किती भार द्यायचा आणि कुठे तो काढून घ्यायचा, एवढ्याच भांडवलावर ती पन्नास वर्षे गायली. आपल्याकडे भावगीताच्या संदर्भात शब्दोच्चाराची जी महती सांगितली जाते, तिचा हा एक टोकाचा दाखला म्हणता येईल. एक फरक मात्र आहे. भावगीत श्रोत्याला जवळ बोलावते. डीट्रिशचे गाणे त्याला हातभर अंतरावर थोपवून ठेवते.

१ एप्रिल १९३० रोजी बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्ट चित्रगृहात पहिला खेळ झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला तो यानिंग्ससाठी नव्हे, डीट्रिशसाठी. ‘उफा’ने तिच्याशी पुढचा करार करण्याची तसदी घेतली नव्हती, अमेरिकेच्या ‘पॅरामाउंट’ने ती घेतली. त्याच रात्री ती अमेरिकेला निघाली.

येथे नामावली उघडून पाहावी. मूळ कादंबरीचा कर्ता हाइनरिश मान : १९३३ मध्ये त्याला देश सोडावा लागला, त्याच्या पुस्तकांची होळी झाली आणि तो १९५० मध्ये कॅलिफोर्नियात विपन्नावस्थेत वारला. निर्माता एरिश पॉमर : मार्च १९३३ च्या अखेरीस, म्हणजे चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तीन वर्षे पुरी होण्याआधीच, ‘उफा’च्या संचालकांनी ज्यू कर्मचाऱ्यांना काढून टाकण्याचा निर्णय घेतला आणि त्याला देशांतर करावे लागले. संगीतकार हॉलेंडर : निर्वासित. पटकथेत हात असलेला नाटककार कार्ल त्सुकमायर : निर्वासित. पटकथेवर काम करणारा आणि गीतेही लिहिणारा रोबर्ट लीबमान : फ्रान्समध्ये आश्रय घेतला, तिथे पकडला गेला, आउशविट्झमध्ये मारला गेला. लोलाच्या फिरत्या मंडळीचा स्थूल, मिस्कील जादूगार-मालक रंगविणारा कुर्ट गेरॉन : हॉलंडमध्ये सापडला, थेरेझिएनश्टाटच्या छावणीत त्याला ‘ज्यू येथे किती सुखात आहेत’ हे दाखविणारा प्रचारपट दिग्दर्शित करायला लावले आणि काम झाल्यावर ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशविट्झला पाठवून मारले. हान्स आल्बर्स : मागे राहिला आणि नात्सी काळातला सर्वांत लोकप्रिय नट ठरला. एमिल यानिंग्स : मागे राहिला, सन्मान स्वीकारले आणि १९४१ मध्ये ‘ओम क्रूगर’सारख्या इंग्रजद्वेष्ट्या प्रचारपटाची प्रमुख भूमिका केली. चित्रपट स्वतः : १९३३ मध्ये नात्सी राजवटीने त्याच्यावर बंदी घातली.

या यादीत डीट्रिशचे स्थान विशेष आहे. ती ज्यू नव्हती. तिची पुस्तके कोणी जाळली नव्हती. तिला देशातून कोणी हाकलले नव्हते. उलट ती परत यावी अशी गोबेल्सच्या प्रचारखात्याची इच्छा होती आणि तसे प्रयत्नही झाले. बाकीच्यांपुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते, तिच्यापुढे होते. तिच्याबाबतीत निर्वासन हा निर्णय होता, आणि म्हणूनच तिच्या देशबांधवांनी तिला सर्वांत उशिरा क्षमा केली.

हा निर्णय घेणारी बाई आणि पडद्यावरची डीट्रिश यांचे नाते पाहू. १९३० ते १९३५ या काळात स्टर्नबर्गने हॉलिवूडमध्ये तिला घेऊन सहा चित्रपट केले. ‘मोरोक्को’, ‘डिसऑनर्ड’, ‘शांघाय एक्स्प्रेस’, ‘ब्लाँड व्हीनस’, ‘द स्कार्लेट एम्प्रेस’ आणि ‘द डेव्हिल इज अ वूमन’. यांतल्या कथा बहुधा क्षुल्लक आहेत. खरे काम प्रकाशाचे आहे. मुख्य दिवा उंचावर, चेहऱ्याच्या बरोबर समोर ठेवून स्टर्नबर्गने तिच्या गालांखाली खळगे आणि नाकाखाली फुलपाखरासारखी सावली निर्माण केली. जाळ्या, धूर, पिसे, पडदे यांच्या आडून तो चेहरा दिसतो आणि लपतो. ‘मोरोक्को’मध्ये ती पुरुषाचा टेलकोट आणि उंच टोपी घालून गाते, प्रेक्षकांतल्या एका स्त्रीचे चुंबन घेते आणि टोपीला हलकेच हात लावून पुढे जाते. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले.

ही सारी प्रतिमा पुरुषाने घडविलेली, असे एक मत आहे आणि स्टर्नबर्गनेही तसा दावा करण्यात कसर ठेवली नाही. आम्हांला हे अर्धसत्य वाटते. डीट्रिश त्याच्याकडून दिव्यांचे शास्त्र शिकली. पुढे दुसऱ्या दिग्दर्शकांच्या सेटवर कॅमेऱ्याजवळ आरसा ठेवून आपला प्रकाश ती स्वतः तपासून घेई. घडविली गेलेली मूर्ती पुढे स्वतःच छिन्नी हाती घेते, असे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात विरळा. त्या मूर्तीचा विशेष म्हणजे तिच्यातली अलिप्तता. समोरचा सेनाधिकारी असो वा सम्राट, ती त्याच्याकडे किंचित वरून, किंचित थट्टेने पाहते. तिच्या पडद्यावरच्या साऱ्या भूमिकांत नकाराची शक्यता सतत जागी असते. गोबेल्सला हवी होती ती ही प्रतिमा. पण प्रतिमेसोबत नकारही येणार हे त्याच्या ध्यानात आले नसावे. अखेर ‘उफा’ने १९३६ मध्ये झारा लेआंडर या स्वीडिश गायिकेशी करार केला. तिचाही स्वर तसाच खर्जातला होता.

हॉलिवूडमध्येही सारे सुरळीत नव्हते. मे १९३८ मध्ये स्वतंत्र चित्रगृहमालकांच्या संघटनेने जाहिरात देऊन ज्या तारकांना तिकीटबारीचे विष ठरविले, त्यांत गार्बो, जोन क्रॉफर्ड, कॅथरीन हेपबर्न यांच्याबरोबर डीट्रिशही होती. म्हणजे परतीचे आमंत्रण आकर्षक वाटावे असेच ते दिवस होते. तिने अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी केलेला अर्ज १९३९ मध्ये मंजूर झाला. त्याच वर्षी ‘डेस्ट्री राइड्स अगेन’ या पश्चिमपटात दारूच्या गुत्त्यातल्या गायिकेची धसमुसळी भूमिका करून तिने आपले आसन परत मिळविले. त्या गाण्यांचे संगीत होते हॉलेंडरचे. बर्लिनमधले दोन निर्वासित हॉलिवूडच्या खोट्या खेड्यात पुन्हा एकत्र आले होते.

युद्ध सुरू झाल्यावर तिने युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी अमेरिकाभर दौरे केले आणि १९४४ पासून सैनिकांसाठी आघाडीवर कार्यक्रम केले. ते आल्जीरियात, इटलीत, फ्रान्समध्ये, बेल्जियममध्ये आणि शेवटी प्रत्यक्ष जर्मन भूमीवर झाले. ती गाई, मनकवडेपणाचे खेळ करी, आणि करवतीवर गज फिरवून सूर काढी. व्हायोलिन शिकलेला हात असा कामी आला. शत्रूच्या हाती सापडली असती तर तिची गणना युद्धकैद्यांत नव्हे, देशद्रोह्यांत झाली असती.

याच काळात अमेरिकन गुप्तचर संघटनेसाठी तिने लोकप्रिय गाणी जर्मन भाषेत ध्वनिमुद्रित केली. ती जर्मन सैनिकांचे मन खचविण्यासाठी नभोवाणीवरून ऐकविली जात. आणि तिच्या नावाशी ‘लिली मार्लेन’ हे गाणे कायमचे जोडले गेले. या गाण्याचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. हान्स लाइप याने १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात रशियन आघाडीवर निघण्याआधी ही कविता लिहिली. छावणीच्या दाराशी दिव्याखाली वाट पाहणारी प्रेयसी आणि परत येण्याची खात्री नसलेला शिपाई, एवढाच तिचा विषय. नोर्बर्ट शुल्ट्झे याने १९३८ मध्ये तिला चाल दिली; याच गृहस्थाने इंग्लंडवर बॉम्ब टाकण्याच्या उत्साहाचे गाणेही रचले. लाले आंडरसन हिने १९३९ मध्ये ती गायली, तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही. १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेडच्या नभोवाणी केंद्रावरून ती रोज रात्री वाजू लागली आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रोमेलचे सैनिक व त्यांच्यासमोरचे इंग्रज सैनिक एकाच वेळी ती ऐकू लागले. गोबेल्सला हे रडवे गाणे आवडत नव्हते; आंडरसनवर १९४२ मध्ये राजवटीची खप्पा मर्जी झाली. डीट्रिशने ते गाणे मित्रसैन्याच्या बाजूने गायले. गाणे लढाईच्या दोन्ही बाजूंना होते. गाणारीला मात्र बाजू निवडावी लागली.

आता एका तुलनेकडे वळू. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या नावाने जगभर गेलेल्या कादंबरीचा कर्ता एरिश मारिया रेमार्क आणि डीट्रिश यांचे प्रेमप्रकरण १९३७ मध्ये व्हेनिसला सुरू झाले. त्याच्या ‘आर्क ऑफ ट्रायम्फ’ या कादंबरीतल्या नायिकेत तिची छाया आहे. दोघेही निर्वासित, आणि दोघांचीही एकेक बहीण जर्मनीत राहिलेली. रेमार्कची बहीण एल्फ्रीडे शॉल्झ ड्रेस्डेनमध्ये कपडे शिवून पोट भरत असे. युद्ध हरल्यातच जमा आहे, असे बोलल्याच्या आरोपावरून तिला १६ डिसेंबर १९४३ रोजी शिरच्छेदाची शिक्षा देण्यात आली. रेमार्कला हे युद्धानंतर कळले आणि त्याने छावणीजीवनावरची ‘स्पार्क ऑफ लाइफ’ ही कादंबरी तिला अर्पण केली.

डीट्रिशची बहीण एलिझाबेथ बेल्झेन येथे आहे हे १९४५ च्या वसंतात कळले, तेव्हा ती छावणीत बंदिवान असणार अशा समजुतीने डीट्रिश तिकडे धावली. बहीण तिथे होती, पण कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला. तिचा पती तेथील लष्करी तळावर सैनिकांसाठी चित्रगृह चालवीत असे आणि छावणीचे रक्षकही तेथे येत. डीट्रिशने बहिणीच्या चरितार्थाची सोय केली आणि त्यानंतर जगापुढे आपल्याला बहीण असल्याचे कधी कबूल केले नाही. अनेक दशकांनी मुलाखतकाराला तिने आपण एकुलत्या एक असल्याचे सांगितले. एका निर्वासिताने आपल्या बहिणीचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापले. दुसरीने ते आपल्या चरित्रातून खोडून टाकले. त्या खोडण्याला असत्य म्हणावे हे योग्यच. पण ज्या लज्जेतून ते आले, ती तिच्या देशातल्या फार थोड्यांना वाटली हेही नोंदवले पाहिजे. आईची भेट मात्र झाली. बर्लिनमध्ये युद्ध सोसून राहिलेल्या आईला ती १९४५ च्या सप्टेंबरात भेटली, आणि नोव्हेंबरमध्ये आई वारली.

१९४७ मध्ये अमेरिकेने तिला ‘मेडल ऑफ फ्रीडम’ दिले. पुढच्याच वर्षी बिली वाइल्डरच्या ‘अ फॉरेन अफेअर’मध्ये तिने उद्ध्वस्त बर्लिनमधल्या एका कॅबरे गायिकेची भूमिका केली. ही गायिका कालपर्यंत नात्सी अधिकाऱ्यांची लाडकी असते आणि आज अमेरिकन अधिकाऱ्याच्या आश्रयाने राहते. वाइल्डर विशीत बर्लिनमध्ये पत्रकार होता. त्याची आई ज्यूंच्या संहारात बळी गेली होती. गाणी पुन्हा हॉलेंडरची, आणि पडद्यावर तिच्यामागे पियानोवर बसलेला गृहस्थही हॉलेंडरच. घरातून हुसकावलेली ही माणसे त्याच घराच्या ढिगाऱ्यावर उभी राहून, मागे राहिलेल्यांच्या तडजोडींची गाणी रचीत होती. आणि त्यांनी त्या तडजोडखोर बाईला राक्षसीण केले नाही, हा त्या चित्रपटाचा मोठेपणा. भूक आणि भीती काय करायला लावते, हे डीट्रिशने त्या भूमिकेत समजून घेतलेले दिसते.

समजून घेण्याची ही देवाणघेवाण दुसऱ्या बाजूने झाली नाही. त्यासाठी १९४५ सालच्या एका वादाकडे पाहावे लागेल. हाइनरिशचे धाकटे बंधू थोमास मान यांनी अमेरिकेतून परत यावे, असे आवाहन वाल्टर फॉन मोलो या लेखकाने केले. त्याच सुमारास फ्रांक थीस याने ‘आंतरिक देशांतर’ ही संकल्पना पुढे केली. देशात राहून मनाने राजवटीपासून दूर राहिलेल्या आम्ही अधिक सोसले, आणि बाहेर गेलेल्यांनी ही शोकांतिका परदेशातल्या सुरक्षित आसनांवरून पाहिली, असा त्याचा सूर होता. थोमास मान यांनी त्या काळात जर्मनीत छापल्या गेलेल्या पुस्तकांना रक्ताचा आणि लाजेचा वास येतो, अशा आशयाचे कठोर उत्तर दिले. या वादात थीसचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येकाला हॉलिवूडचा करार मिळत नाही. म्हातारे आईबाप, भाषा, दारिद्र्य माणसाला बांधून ठेवतात. पण या युक्तिवादाची एक मेख अशी, की तो मागे राहिलेल्या निरुपायी माणसाच्या आडून यानिंग्सलाही लपायला जागा देतो. डीट्रिशसारखी बाई ही जागा नाहीशी करते. तिच्यापुढे तीच कीर्ती होती, तेच आमिष होते, तीच भाषा होती, आणि तरी नकार देता येत होता.

१९६० च्या मे महिन्यात ती गाण्याचे कार्यक्रम घेऊन जर्मनीत आली, तेव्हा हेच उफाळून वर आले. डिसेंबर १९५३ मध्ये लास व्हेगासपासून तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले होते. अंगासरशी चमचमता झगा, नंतर टेलकोट, आणि पुढे बर्ट बॅकरॅकचे वाद्यवृंद-संयोजन. जगाने या कार्यक्रमांना डोक्यावर घेतले होते. बर्लिनमध्ये मात्र तिने परत जावे असे फलक झळकले, वृत्तपत्रांत देशद्रोहाचा आरोप करणारी पत्रे आली. ड्युसेलडोर्फमध्ये एक मुलगी तिच्या अंगावर थुंकली. ती इतकी तरुण होती, की युद्धाच्या वेळी ती फार तर तान्ही असावी. बर्लिनच्या टिटानिया-पालास्टमध्ये काही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पण ज्यांनी ऐकले त्यांनी उभे राहून दाद दिली. तिचे स्वागत करणारे पश्चिम बर्लिनचे तेव्हाचे महापौर व्हिली ब्रांट हे स्वतः नॉर्वेत आश्रय घेतलेले निर्वासित होते, आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्यांनाही याच कारणावरून हिणविले गेले. त्याच वर्षी ती इस्राएलमध्ये गायली. जर्मन गाणी तेथील मंचावर तेव्हा वर्ज्य होती. तिने श्रोत्यांच्या संमतीने ती म्हटली, आणि त्यांनी ती ऐकून घेतली. ज्यांना त्या भाषेची भीती वाटावी त्यांनी तिच्या तोंडून ती स्वीकारली, आणि ज्यांची ती मातृभाषा होती त्यांतल्या काहींनी तिला परत जा म्हटले.

त्यानंतरची दोन दृश्ये आम्हांला महत्त्वाची वाटतात. ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’ (१९६१) मध्ये ती फाशी गेलेल्या जर्मन सेनापतीची विधवा झाली. आम्हांला काही ठाऊक नव्हते, असे ही बाई सांगते. म्हणजे आयुष्यभर ज्या वाक्याचा तिने तिरस्कार केला, तेच वाक्य ती येथे सन्मानाने उच्चारते. याच चित्रपटात रस्त्याने चालताना ‘लिली मार्लेन’चे सूर येतात आणि ती अमेरिकन न्यायाधीशाला सांगते, की मूळ जर्मन शब्द अधिक उदास आहेत. दुसरे दृश्य १९६४ मधले, मॉस्कोचे. लेखक-भवनातल्या कार्यक्रमात, ज्यांच्या ‘टेलिग्राम’ या कथेने ती हेलावून गेली होती, ते आजारी वृद्ध लेखक कॉन्स्टन्टिन पाउस्तॉव्स्की मंचावर आले. काय बोलावे हे न सुचून ती त्या चमचमत्या झग्यासकट त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली. त्या कथेत म्हाताऱ्या आईला भेटायला मुलीला उशीर होतो. बर्लिनमधली १९४५ ची ती दोन महिन्यांची भेट आठवली, की या गुडघे टेकण्याला निराळा अर्थ येतो.

१९७५ मध्ये सिडनीत मंचावर पडून तिचा पाय मोडला आणि जाहीर कार्यक्रम संपले. एक छोटीशी भूमिका सोडली, तर त्यानंतर ती पॅरिसच्या आव्हेन्यू मोंतेन्यवरच्या घरात स्वतःला कोंडून राहिली. माक्सिमिलियान शेल याने १९८४ मध्ये तिच्यावर माहितीपट केला, तेव्हा तिने चेहरा दाखविण्यास साफ नकार दिला. चित्रपटात आहे तो फक्त आवाज, भांडणारा, टोमणे मारणारा, मध्येच भरून येणारा. जिची कीर्ती प्रकाशावर उभी होती, तिच्या शेवटच्या चित्रपटात तिचा केवळ स्वर उरला.

६ मे १९९२ रोजी तिचा मृत्यू झाला आणि तिला शोनेबर्गमधल्या दफनभूमीत, आईच्या थडग्याजवळ पुरण्यात आले. तिथेही वाद थांबले नाहीत. जन्मगावातल्या रस्त्याला तिचे नाव देण्यास विरोध झाला. १९९७ मध्ये पॉट्सडामर प्लाट्झजवळच्या नव्या चौकाला ते मिळाले. १९९३ मध्ये बर्लिनने तिचा संग्रह विकत घेतला. २००१ मध्ये, जन्मशताब्दीला, शहराने तिची औपचारिक क्षमा मागितली आणि २००२ मध्ये तिला मरणोत्तर सन्माननीय नागरिकत्व दिले. ज्या निर्णयाला १९३९ मध्ये द्रोह म्हटले गेले, त्याला निष्ठा म्हणायला तिच्या शहराला सहा दशके लागली.

‘पिंजरा’ आणि ‘द ब्लू एंजल’ यांचा तौलनिक अभ्यास महाविद्यालयांतून अधूनमधून होतो. कादंबरी, माध्यमांतर, स्त्रीप्रतिमा हे विषय त्यात येतात आणि यावेतही. आमची सूचना एवढीच, की असा तास घेणाऱ्या शिक्षकाने जर्मन चित्रपटाची श्रेयनामावली फळ्यावर लिहून काढावी आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचे पुढे काय झाले ते लिहावे. गेरॉनच्या नावापुढे आउशविट्झ. लीबमानच्या नावापुढे आउशविट्झ. यानिंग्सच्या नावापुढे ‘ओम क्रूगर’. मग शेवटचे गाणे पुन्हा लावावे. लोला लोला खुर्चीवर उलटी बसून तेच शब्द म्हणत असेल. परंतु ते ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला आता ठाऊक असेल, की ही गाणारी त्या रात्री कुठे निघाली होती आणि परतीचे बोलावणे आल्यावर तिने काय उत्तर दिले.